घरच्या प्रिंटरवर लॅबसारखे फोटो येतात का? येतात, पण आधी कागदाचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की घरी चार रंगांचा इंक टँक प्रिंटर आहे, ऑनलाइन मागवलेला १८० जीएसएमचा ग्लॉसी कागद आहे, फोनमधले बारशाचे आणि गणपतीचे फोटो त्यावर काढले तर ते डार्क येतात, चेहरे लाल मारतात, मधेमधे बारीक पट्टे दिसतात, आणि लॅबच्या फोटोची मजा काही येत नाही. तर सहा रंगांचा नवीन प्रिंटर घ्यावा का सरळ लॅबला जावं?

मी लग्न-मुंजीचे फोटो काढतो आणि छोट्या ऑर्डरचे प्रिंट घरीच काढतो, त्यामुळे ही तक्रार सारखी कानावर येते. माझं मत आधीच सांगून टाकतो, आत्ता प्रिंटर बदलू नका. चार रंगांच्या टँकवाल्या प्रिंटरवर ४×६ चा फोटो इतका चांगला येतो की हातात धरल्यावर बहुतेकांना लॅबचा का घरचा ते ओळखता येत नाही. गडबड बहुतेक वेळा कागद आणि ड्रायव्हरमधलं (कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधलं) सेटिंग यांचं एकमेकांशी न जुळण्यात असते. हेच न जुळणं नवीन प्रिंटरवरही तसंच राहणार, फक्त खिशातले पैसे गेलेले असतील.

पट्ट्यांचं आधी उरकून घेऊ. ड्रायव्हरच्या मेंटेनन्समध्ये जाऊन साध्या कागदावर नोझल चेक काढा, म्हणजे हेडमधल्या शाईच्या बारीक छिद्रांची तपासणी करणारं रेघांचं पान, एखादी रेघ जरी तुटक असली तरी त्या रंगाची शाई नीट पडत नाहीये. पिवळ्या रेघा पांढऱ्या कागदावर धड दिसत नाहीत, त्यासाठी खोलीतला दिवा बंद करून मोबाइलवर पूर्ण निळं चित्र लावा आणि कागद त्या उजेडात धरा, पिवळी रेघ काळपट दिसते आणि तुटलेली जागा लगेच कळते. हे मुद्दाम सांगतोय कारण तुमच्या लाल चेहऱ्यांचं एक कारण इथेच असू शकतं. सायन (आकाशी निळी) शाई कमी पडली की चेहरे लाल होतात, पिवळी कमी पडली की गुलाबी-जांभळट होतात, आणि लोक तासन् तास कलर सेटिंगशी खेळत बसतात. रेघ तुटकी असेल तर हेड क्लीनिंग करा, परत चेक काढा, फार तर अजून एकदा करा. तरी सुधारलं नाही तर क्लीनिंगचा सपाटा लावू नका, प्रिंटर बंद करून रात्रभर राहू द्या आणि सकाळी बघा, बऱ्याचदा आत अडकलेली हवा तोवर निघून जाते. प्रत्येक क्लीनिंगला शाई वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये, जाते आणि ते पॅड भरलं की प्रिंटर काम करायचं थांबतो. रेघा सगळ्या शाबूत असून पट्टे येत असतील तर ड्रायव्हरमध्ये हाय स्पीड किंवा बायडायरेक्शनल असं काही चालू असेल ते बंद करा, त्यात हेड जाताना आणि येताना दोन्ही वेळा शाई टाकत असतं. बंद केल्यावर वेळ जास्त लागेल, लागू दे.

आता कागद. जीएसएम बघून कागद घेणं ही आपल्याकडची सगळ्यात मोठी फसगत आहे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बास. १८० पेक्षा २७० जाड लागतो हे खरं, पण फोटो कसा येणार हे वरच्या कोटिंगवर ठरतं आणि ते पाकिटावर कुणी नीट लिहीत नाही. बाजारात जे स्वस्त हाय ग्लॉसी मिळतात ते बहुतेक कास्ट कोटेड असतात, म्हणजे साध्या कागदावर एका बाजूला चकचकीत कोटिंग. दुसरा प्रकार आरसी, म्हणजे रेझिन कोटेड, यात कागदाच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा पातळ थर असतो आणि त्याच्यावर शाई धरणारं कोटिंग असतं, लॅबचा फोटो हाताला जसा लागतो तसा हा लागतो कारण लॅबचा कागदही आरसीच असतो. ओळखायचं असेल तर मागची बाजू बघा. साध्या कागदासारखी कोरडी, पेननं सहज लिहिता येईल अशी असेल तर कास्ट कोटेड, गुळगुळीत प्लॅस्टिकसारखी असेल तर आरसी. एक तुकडा फाडून पण बघा, आरसीच्या कडेला पातळ पापुद्रा ताणलेला दिसतो. कास्ट कोटेड वाईटच असतो असं नाही, प्रोजेक्ट, सर्टिफिकेट, पासपोर्ट फोटो याला झकास आहे, पण गडद बॅकग्राउंडचा फोटो काढला की खालचा कागद शाई पिऊन फुगतो आणि त्याला लाटा येतात.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, तुमच्या प्रिंटरच्या कंपनीचा जो ग्लॉसी फोटो पेपर मिळतो त्याचं ४×६ चं सगळ्यात छोटं पाकीट एकदा आणा. एप्सनचा असेल तर प्रीमियम ग्लॉसी, कॅननचा असेल तर फोटो पेपर प्लस ग्लॉसी टू. महाग वाटेल, पण तो रोजच्या कामाला नाहीये, तो मोजपट्टी म्हणून. ड्रायव्हरमध्ये नेमकं तेच नाव निवडायचं, क्वालिटी हाय, आणि एक फोटो काढायचा. तो चांगला आला तर तुमचा प्रिंटर, शाई, फाइल सगळं ठीक आहे आणि दोष तुमच्या कागदात किंवा सेटिंगमध्ये आहे. तो पण लाल आणि डार्क आला तर पुढे वाचा. या एका प्रिंटनं अर्धा प्रश्न सुटतो.

ड्रायव्हरमधलं मीडिया टाइप, म्हणजे कागदाचा प्रकार, काय करतं ते समजून घ्या, कारण बरेच जण तिथे प्लेन पेपर तसंच ठेवून फक्त क्वालिटी वाढवतात. त्या एका ड्रॉपडाउनवरून प्रिंटर किती शाई टाकायची, थेंब केवढा ठेवायचा, काळा रंग कशातनं बनवायचा, कागद किती हळू सरकवायचा हे ठरवतो. प्लेन म्हटलं की तो शाई आखडती टाकतो कारण साध्या कागदावर शाई पसरते, आणि मग ग्लॉसीवर फोटो फिका, रवाळ, पट्ट्या-पट्ट्यांचा येतो. बऱ्याच ड्रायव्हरमध्ये तर फोटो पेपर निवडल्याशिवाय वरची क्वालिटी दिसतच नाही.

काळ्या रंगाचं एक वेगळंच प्रकरण आहे. कॅननच्या जी २०१०, जी ३०१० मध्ये आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये काळी शाई पिगमेंट (न विरघळणाऱ्या बारीक कणांची) असते आणि बाकीच्या तीन डाय (विरघळलेल्या रंगाच्या). पिगमेंट काळी साध्या कागदावरच्या अक्षरांसाठी असते, ती ग्लॉसीत मुरत नाही, वर बसून राहते. त्यामुळे ग्लॉसी निवडलं की प्रिंटर ती बाजूला ठेवतो आणि तीन रंग मिसळून काळा बनवतो, तो थोडा तपकिरी किंवा राखाडी वाटतो, त्याला इलाज नाही. पण ग्लॉसी कागद घालून सेटिंग प्लेन ठेवलंत तर तीच काळी शाई वर येऊन बसते, दुसऱ्या दिवशी सुद्धा केसांवरनं बोट फिरवलं तर बोटाला काळं लागतं. असं होत असेल तर नक्की समजा की सेटिंग चुकलंय. एप्सनच्या फोटोवाल्या मॉडेलमध्ये, म्हणजे एल ८०५ सारख्यात, सहाही शाया डाय असतात म्हणून तिथे हा त्रास नाही.

लोकल कागद असेल तर ड्रायव्हरमध्ये त्याचं नाव नसणारच, मग कुठलं निवडायचं? इथे सगळे डोळे झाकून सगळ्यात वरचं प्रीमियम निवडतात. पण ते सेटिंग कंपनीच्या चांगल्या कोटिंगला झेपेल एवढी शाई टाकतं, स्वस्त कोटिंगला ती झेपत नाही. एकच फोटो दोन-तीन मीडिया टाइपवर काढा, साधं ग्लॉसी, प्रीमियम ग्लॉसी, मॅट, आणि मागे पेन्सिलनं लिहून ठेवा कुठला कशाचा. मग खिडकीशी नेऊन केस बघा. आईनं अंबाडा घालून गजरा माळलेला फोटो असेल तर उत्तमच. अंबाड्यातल्या बटा वेगवेगळ्या दिसायला पाहिजेत आणि गजऱ्याची फुलं कडेला स्वच्छ पाहिजेत. शाई जास्त झाली असेल तर अंबाडा म्हणजे नुसता काळा गोळा होतो, तिरका धरला की त्यावर तांबूस चकाकी येते आणि पांढऱ्या फुलांच्या कडेला काळं फुटलेलं दिसतं. ज्या सेटिंगला केस सुटे दिसतील ते तुमच्या कागदाचं सेटिंग, पाकिटावरच लिहून टाका.

आणि हो, कागदाची बाजू. कधी कधी दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, तेव्हा बोट किंचित ओलं करून कोपऱ्याला लावा, जी बाजू बोटाला चिकटते ती प्रिंटची.

आता डार्कचं. याचं कारण बहुतेक वेळा प्रिंटरमध्ये नसतंच, ते तुमच्या स्क्रीनमध्ये असतं. फोन किंवा लॅपटॉप फुल ब्राइटनेसला स्वतःचा उजेड डोळ्यात मारत असतो आणि कागद फक्त खोलीतला उजेड परत करतो, मग दोघं सारखे कसे दिसणार? प्रिंटसाठी काम करणारे स्क्रीन साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरवर (हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) ठेवतात, आजकालचे चांगले फोन उन्हात याच्या कितीतरी पट जातात. मीटर नसेल तर जुगाड असा की लॅपटॉपवर वर्डचं कोरं पान उघडा, शेजारी पांढरा कागद नेहमीच्या उजेडात धरा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. खूप खाली येतो, सुरुवातीला स्क्रीन मेलेली वाटेल. नाइट लाइट, आय कम्फर्ट, आयफोनचं ट्रू टोन, फोनचा व्हिविड मोड हे सगळं त्या वेळेपुरतं बंद. मग फोटो परत बघा, तुम्हाला स्क्रीनवरच तो डार्क दिसेल, म्हणजे प्रिंटर खरं बोलत होता.

मग एडिटमध्ये शॅडो आणि मिडटोन, म्हणजे गडद आणि मधल्या छटा, उचला, सगळा एक्स्पोजर वाढवू नका, नाहीतर बाळाचं झबलं आणि पाळण्यावरची पांढरी फुलं उडून जातील. किती उचलायचं हे अंदाजे ठरवायच्या ऐवजी चेहऱ्याचा भाग कापून त्याच्या चार कॉप्या करा, एक आहे तशी, बाकीच्या थोड्या थोड्या उजळ, चारही एकाच ४×६ वर बसवून काढा. वाळल्यावर दिवसाच्या उजेडात बघून निवडा. डार्करूमच्या काळात टेस्ट स्ट्रिप काढायचे, तेच हे. एकदा आकडा सापडला की त्या कागदावर पुढच्या फोटोंना साधारण तोच चालतो.

रंगाबद्दल, म्हणजे लाल मारण्याबद्दल. नोझल ठीक आहेत आणि कंपनीच्या कागदावर पण लाल येतंय असं असेल तर दोन शक्यता. एक म्हणजे रंग दोनदा बदलले जातायत. फोटोशॉप, लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आयसीसी प्रोफाइल (प्रिंटर-कागदाच्या जोडीचे रंग सांगणारी फाइल) लावून रंग सॉफ्टवेअरनं सांभाळायचे असं निवडलं असेल तर ड्रायव्हरमधली कलर करेक्शन बंद करावी लागते, एप्सनमध्ये नो कलर अॅडजस्टमेंट, कॅननमध्ये मॅचिंगला नन. दोघांनी मिळून रंग सुधारले की हमखास गुलाबी-लाल झाक येते. हे झंझट नको असेल तर उलटं करा, प्रिंटरला रंग सांभाळू दे म्हणा, फोटो एसआरजीबी या नेहमीच्या कलर स्पेसमध्ये ठेवा, घरगुती कामाला ते पुरतं. आयफोनचे फोटो डिस्प्ले पी-थ्री या जास्त रंग मावणाऱ्या कलर स्पेसमध्ये असतात आणि ते न समजणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढले तर मरगळलेले येतात, तेव्हा आधी एसआरजीबीत एक्स्पोर्ट करून घ्या. दुसरी शक्यता म्हणजे शाई. लोकल कॉम्पॅटिबल शाई भरली असेल तर ड्रायव्हरचं सगळं गणित ओरिजिनल शाईवर बसवलेलं असतं, त्यामुळे झाक येणारच, मग त्या शाई-कागदाच्या जोडीचं वेगळं प्रोफाइल बनवून घ्यावं लागतं. डॉक्युमेंटसाठी खुशाल वापरा, फोटोसाठी ओरिजिनलच भरा असं मी सांगेन, टँकच्या बाटल्या काही कार्ट्रिजइतक्या महाग नाहीत.

काही रंग मात्र कुणाच्याच हातात नाहीत. गणपतीच्या मखरातली निळी एलईडी, मिरवणुकीतली जांभळी लाइट स्क्रीनवर जशी झळाळते तशी कागदावर येत नाही, चार रंगांच्या शाईला तो निळा बनवताच येत नाही, तो जांभळट किंवा मंद येतो. हळदीचा पिवळा मस्त येतो, शालूचा राणी कलर पण बऱ्यापैकी. मोरपंखी पैठणीला मात्र थोडा फरक राहतोच आणि ग्राहक त्याच साडीवर बोट ठेवतात. अशा वेळी सॅच्युरेशन थोडं कमी केलं तर उलट जास्त बारकावे दिसतात, कारण भडक रंग एकमेकांत मिसळून सपाट डाग होण्यापासून वाचतात. प्रिंट बघायचा पण दिवसाच्या उजेडातच, स्वस्त एलईडी बल्बखाली चेहरे वेगळेच दिसतात.

फाइलचं पटकन सांगतो. फॅमिली ग्रुपवरनं डाउनलोड केलेला फोटो प्रिंट करू नका. व्हॉट्सअॅप साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर आणतं आणि वर कॉम्प्रेस करतं. ४×६ ला म्हणजे इंचाला २६७ पिक्सेल पडतात, निभावून जातं. ए४ ला १३७ च उरतात, तिथे चेहरे मऊ आणि चौकोनी ठिपक्यांचे होतात. ज्यानं फोटो काढलाय त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. बारा मेगापिक्सेलचा मूळ फोटो ए४ ला सुद्धा ३०० च्या वर जातो, त्यामुळे जास्त मेगापिक्सेलच्या मागे लागायची गरज नाही. आणखी एक, फोनचा फोटो ४:३ असतो आणि ४×६ कागद ३:२, म्हणजे आडव्या फोटोत वर-खाली काहीतरी कापलं जाणारच, आणि बॉर्डरलेसमध्ये प्रिंटर फोटो अजून किंचित मोठा करून चारही कडा बाहेर टाकतो. ग्रुप फोटोत टोकाला उभ्या असलेल्या मामाचा खांदा जातो तो असा. क्रॉप स्वतः करा, कडेला थोडी जागा सोडून. आणि ए४ वर ४×६ चे चार फोटो काढून कापू म्हणाल तर बसत नाहीत, सहा दुणे बारा इंच आणि ए४ ची लांबी ११.६९ इंच. पासपोर्ट फोटोचं गणित उलट छान जमतं, ३५×४५ मिलिमीटरचे आठ फोटो एका ४×६ वर आरामात बसतात.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, उघडं ठेवलेलं पाकीट पापडासारखं सादळतं. कागद वाकतो, वाकलेला कागद हेडला घासतो आणि कडेला काळे ओरखडे येतात. हवे तेवढेच कागद बाहेर काढा, बाकीचे झिप पाऊचमध्ये सिलिका जेलची पुडी टाकून. ट्रेमध्ये गठ्ठा लावू नका, मी तर एकेकच घालतो. निघालेला प्रिंट लगेच दुसऱ्यावर ठेवू नका, हातानं पुसू नका, पंख्याखाली उडत राहील असंही नको. पाच-दहा मिनिटांत तो कोरडा लागतो पण आतून वाळायला आणि रंग स्थिरावायला वेळ लागतो, फ्रेम किंवा अल्बममध्ये घालायच्या आधी एक पूर्ण दिवस जाऊ द्या, नाहीतर काचेच्या आतून धुकं धरतं. फ्रेममध्ये फोटो काचेला टेकता कामा नये, मधे माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घाला, टेकलेला ग्लॉसी फोटो दमट हवेत काचेला असा चिकटतो की काढताना कोटिंगच निघून येतं.

टिकण्याबद्दल लोक विचारतात, किती वर्षं? शाई आणि कागद या जोडीवर ते असतं, नुसत्या शाईवर नाही. डाय शाईचा फोटो स्वस्त कागदावर काढून भिंतीला उघडा चिकटवला तर ऊन नसलं तरी हवेतल्या ओझोननं उडायला लागतो. तोच अल्बममध्ये किंवा काचेमागे असेल तर खूप बरा राहतो. कोल्ड लॅमिनेशन केलं तर पाण्याच्या थेंबापासून पण वाचतो, स्टुडिओवाले करून देतात. चिकट पानांचे जुने अल्बम नकोत.

आता नवीन प्रिंटरचं. सहा रंगांनी काय होतं, तर फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा मिळतात, त्यामुळे गालावर, आकाशात, बाळाच्या त्वचेत जो बारीक रवा दिसतो तो जातो आणि छटा सावकाश बदलतात. कॅननच्या जी ५७० मध्ये त्याऐवजी लाल आणि ग्रे दिलेत, तिथे ब्लॅक अँड व्हाइट जास्त स्वच्छ येतं. फरक खरा आहे, पण भिंग लावल्यावर जास्त दिसतो, ४×६ हातात धरून नाही. महिन्याला बरेच ए४ काढणार असाल, लोकांना विकणार असाल तर घ्या. नुसते ४×६ आणि तेही सणासुदीलाच काढायचे असतील तर इंकजेटपेक्षा डाय सब्लिमेशन (उष्णतेनं रिबनवरचा रंग कागदावर उतरवणारा) प्रिंटर बरा, कॅननच्या सेल्फी (SELPHY) मॉडेलसारखा, तो पिवळा, मॅजेंटा, सायन आणि वरून संरक्षक थर असा चार फेऱ्यांत फोटो काढतो आणि त्यात शाई वाळून हेड बंद पडायची भानगडच नाही. टँकवाला प्रिंटर मात्र आठवड्यातनं एकदा तरी चारही रंगांचं पान काढून चालता ठेवावा लागतो. पिगमेंटवाले मोठे प्रिंटर, एप्सनची शुअरकलर पी सिरीज वगैरे, त्यांच्या नादी घरगुती कामासाठी लागू नका, शायांचाच खर्च डोळे पांढरे करेल.

आणि लॅबची लाज कशाला? बारशाचे दोनशे फोटो पाहुण्यांना वाटायचे असतील तर पेन ड्राइव्ह घेऊन लॅबला जा, फ्रंटियर किंवा नोरित्सूच्या मशीनवर खऱ्या फोटोग्राफिक कागदावर निघतात आणि घरच्या हिशोबात ते बहुधा स्वस्तच पडतं. फक्त ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर तुम्ही मेहनतीनं केलेलं एडिट मशीन परत आपल्या मनानं बदलतं. घरी काढा ते अल्बमचे निवडक, फ्रेमचे ए४, रात्री अकराला अचानक लागणारे शाळेच्या प्रोजेक्टचे. तुमच्या चार रंगांवर ते सगळं होतं. आधी नोझल चेक आणि कंपनीच्या कागदावर एक ४×६ काढून बघा, तरी लाल आलं तर दोन्हीचा खिडकीच्या उजेडात काढलेला फोटो आणि ड्रायव्हरच्या सेटिंगचा स्क्रीनशॉट टाका, मग नेमकं सांगता येईल.